‘नाही’चे प्रमाण

एखादी वस्तू आहे हे दाखवणे सोपे. ती नाही हे सिद्ध करणे अवघड. आपल्या तत्त्वचिंतकांनी या प्रश्नाचा मोठा खल केला आहे. वैशेषिक परंपरेने पुढे ‘अभाव’ हा स्वतंत्र पदार्थच मानला, आणि कुमारिल भट्टांच्या पंथातील मीमांसकांनी त्याचे ज्ञान करून देणारे ‘अनुपलब्धि’ हे निराळे प्रमाण स्वीकारले. त्यांचे नेहमीचे उदाहरण जमिनीवरच्या घटाचे. घट दिसत नाही, म्हणून तो नाही. परंतु त्याला एक अट आहे : घट असता तर तो दिसलाच असता, अशी परिस्थिती हवी. अंधाऱ्या खोलीत घट दिसला नाही, यावरून काहीच ठरत नाही.

हा वाद केवळ पंडितसभेतला वाटेल. पण छातीत कळ आलेल्या माणसाला घेऊन घरची मंडळी रात्री पांढुर्ण्याच्या किंवा सौंसरच्या दवाखान्यात पोहोचतात, तेव्हा त्यांना नेमका अभावच सिद्ध करून हवा असतो. ‘हार्ट अटॅक नाही ना?’ एवढाच त्यांचा प्रश्न असतो.

उत्तर देण्याचे आजचे मुख्य साधन म्हणजे ट्रोपोनिन. हृदयाच्या स्नायूंत असणारे हे प्रथिन स्नायूला इजा झाली की रक्तात उतरते. ईसीजीत झटका स्पष्ट दिसत असेल, तर या तपासणीसाठी थांबायचे नसते. उपचार तात्काळ सुरू करायचे असतात. खरा पेच पडतो तो ईसीजी निर्दोष किंवा संदिग्ध असलेल्यांचा, आणि अशांची संख्याच मोठी असते. १९५४ पासून निरनिराळी विकरे रक्तात मोजून या पेचाचे उत्तर शोधले जात होते. १९८० च्या दशकाच्या अखेरीस हृदयातले ट्रोपोनिन मोजण्याच्या पद्धती निघाल्या, आणि २००० साली युरोप-अमेरिकेतील हृदयरोगतज्ज्ञांच्या संस्थांनी झटक्याची व्याख्याच मुख्यतः त्यावर बेतली. पुढे अतिसंवेदनशील चाचण्या आल्या. २०१५ साली ‘लॅन्सेट’मध्ये एडिंबरोच्या संशोधकांनी सहा हजारांवर रुग्णांचा अभ्यास मांडला. आल्या आल्या घेतलेल्या रक्तात हे प्रमाण लिटरला ५ नॅनोग्रॅमपेक्षा कमी असेल, तर ‘नाही’ हे उत्तर ९९.६ टक्के खरे ठरते, असा त्याचा निष्कर्ष. म्हणजे ज्या हजारांना ‘नाही’ म्हटले, त्यांतल्या सुमारे चौघांना झटका आलेला तरी होता, किंवा पुढच्या महिनाभरात झटका वा हृदयविकाराने मृत्यू आला.

चार ही संख्या लहान की मोठी? २००० साली अमेरिकेतील दहा रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. त्यात झटका आलेल्यांपैकी २.१ टक्के रुग्ण चुकून घरी पाठवले गेल्याचे आढळले. म्हणजे केवळ अनुभवी नजरेवर विसंबणे निर्धोक होते असे नाही. प्रत्येकाला दाखल करून घ्यावे, तर खाटा अडतात, कुटुंबाचे पैसे जातात, आणि खरोखर झटका आलेला माणूस बाकड्यावर ताटकळतो. तेव्हा कुठे तरी रेघ ओढावीच लागते, आणि ती ओढणे हे नुसते गणित नाही. किती चुका सहन करायच्या हा नैतिक निर्णय आहे. तो घेणारे एका टोकाला, भोगणारे दुसऱ्या टोकाला.

इथे आपल्या भूगोलाचा संबंध येतो. १९५६ पर्यंत नागपूर आपली राजधानी होती. मग प्रांतरचना बदलली आणि ते परराज्यात गेले. २०२३ साली पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला, सौंसर त्यात आले. तरीही छातीचे दुखणे म्हटले की आपली माणसे नागपूरची वाट धरतात. पांढुर्ण्याहून ती सुमारे १०० किलोमीटरची आहे. एडिंबरोत चुकीने घरी गेलेल्या चौघांना दुखणे उलटताच परत येता येईल. सातपुड्याच्या पायथ्याच्या खेड्यातला माणूस रात्री दोन वाजता गाडी कुठून आणणार? संख्या तीच, पण इथे ती जड होते.

शिवाय अंधाराची अट आहेच. दुखणे सुरू होऊन तासच झाला असेल, तर ट्रोपोनिन रक्तात पुरेसे उतरलेले नसते; म्हणूनच तपासणी पुन्हा करायची असते. अतिसंवेदनशील यंत्रावर ती एक ते तीन तासांत होते. लहान गावांत वापरतात त्या पट्टीच्या चाचणीला, एक रेघ की दोन रेघा एवढेच सांगणारीला, थोडे प्रमाण दिसतच नाही. तिच्या बाबतीत अधिक तास थांबावे लागते. एडिंबरोचे ९९.६ टक्के या पट्टीला चिकटवणे म्हणजे मिणमिणत्या दिव्याने खोली पाहून सूर्यप्रकाशाची साक्ष देणे होय. आणि स्नायूला इजा होण्यापूर्वीची हृदयाची उपासमार तर उत्तम चाचणीतही निसटू शकते.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीकाठी गोटमार होते, तेव्हा डॉक्टरांचे पथक तिथे सज्ज असते. तिथे जखम सर्वांना दिसते; कोणी विश्वास मागत नाही. छातीच्या आतल्या जखमेविषयी मात्र सारा व्यवहार विश्वासावर चालतो, आणि या विश्वासाची भाषा आपल्याकडे फार सैल आहे. डॉक्टर म्हणतात, ‘काही नाही.’ घरचे ऐकतात, ‘आता काही होणार नाही.’ पहिले वाक्य एका घटकेचे, दुसरे आयुष्याचे.

‘रुग्णाला धीर हवा, टक्केवारी नको’ असे यावर म्हटले जाईल. आक्षेप खोटा नाही. भ्यालेल्या माणसापुढे हजारांत चारांचा हिशेब मांडणे निर्दयपणाचे होईल, आणि पुष्कळदा तो हिशेब डॉक्टरांच्या स्वतःच्या बचावासाठीच असतो. पण धीर देण्यासाठी अट लपवावी लागत नाही. ‘दुखणे आठ वाजता सुरू झाले, नऊच्या रक्तात काही दिसले नाही, बाराला पुन्हा पाहू, तोवर इथेच थांबा’ हे सौंसरच्या कोणत्याही आजीला समजते. तीन तास बाकड्यावर बसायचे तर घरी निरोप कोणी द्यायचा आणि गुरांना चारा कोणी घालायचा, एवढेच ती मग विचारते.