प्रयोगवहीतील साक्ष

खोटी साक्ष देऊ नये, ही आज्ञा आपण मुलांना लहानपणीच शिकवितो. परंतु साक्ष केवळ न्यायालयातच दिली जाते असे नाही. शाळेतील पदार्थविज्ञानाची प्रयोगवही हीसुद्धा साक्षच होय. मी अमुक मोजले आणि मला अमुक आढळले, असे मूल तीत लिहिते. ही साक्ष पुष्कळदा खोटी असते, आणि शिक्षक, विद्यार्थी व पालक या सर्वांना ते ठाऊक असते.

गोव्यातील डिचोलीच्या एखाद्या अकरावीच्या वर्गाची कल्पना करू. लंबकावरून गुरुत्वत्वरण काढावयाचे आहे. लांबी ९९ सेंटिमीटर, वीस आंदोलनांस ४०.२ सेकंद, उत्तर ९.६७ येते. पुस्तकात ९.८१ आहे. विद्यार्थी खोडरबर घेतो, वेळेचा आकडा जुळवितो आणि पूर्ण गुण मिळवितो.

यात त्याने काय गमावले ते पाहा. लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजावयाची असते. त्याने ती माथ्यापर्यंतच मोजली होती. राहिलेला एक सेंटिमीटर मिळविला असता तर उत्तर ९.७७ आले असते. गोव्याच्या अक्षांशावर खरे मूल्य सुमारे ९.७८ आहे! ९.८१ हे लंडनसारख्या उत्तरेकडील ठिकाणचे मूल्य; विषुववृत्ताकडे येताना ते घटते. जी चूक त्याला शिकविणार होती ती त्याने खोडली, आणि आपल्या गावाची साक्ष पुसून परक्या गावाची लिहिली.

हा मोह विद्वानांनाही सुटत नाही. रॉबर्ट मिलिकन हे एका काँग्रिगेशनल पाळकाचे पुत्र. इलेक्ट्रॉनचा विद्युत्‌भार मोजल्याबद्दल त्यांना १९२३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. हवेच्या चिकटपणाचा आकडा सदोष असल्यामुळे त्यांचे उत्तर किंचित कमी होते. नंतरच्या संशोधकांविषयी रिचर्ड फाइनमन यांनी १९७४ साली सांगितले की, मिलिकनपेक्षा बरेच मोठे उत्तर आले की ते चूक शोधीत. जवळचे आले की शोधीत नसत. म्हणून खरा आकडा हळूहळूच पुढे आला.

कोणी म्हणेल, एवढ्याशा आकड्याने कोणाचे काय बिघडते? डिचोलीत लोहखनिजाचा ट्रक वजनकाट्यावरून जातो, आणि पेडण्यात मोपाच्या विमानतळावर उतरणारे विमान उंचीच्या आकड्यावर विसंबते. माप घेणाऱ्यावर अनोळखी माणसे विश्वास टाकतात. नीतिसूत्रांत खोट्या तराजूचा इतका तीव्र निषेध आहे, तो उगीच नव्हे. तराजू खोटा करणारा हात एका दिवसात तयार होत नाही.

तथापि येथे दोष मुलाचा थोडा, गुण देणाऱ्याचा अधिक. जो शिक्षक ९.६७ पाहून “हे असे का आले?” असे विचारतो आणि प्रामाणिक शोधास गुण देतो, तो पदार्थविज्ञानाबरोबर पश्चात्तापाचाही धडा देतो. चूक कबूल केल्याशिवाय सुधारणा नाही, हे दोन्हीकडे सारखेच खरे आहे.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांनो, आपल्या वर्गातही हेच घडते. “रोज प्रार्थना करता ना?” असे विचारले की सर्व हात वर होतात. एखादे मूल हात खालीच ठेवते. त्याला रागावू नका. त्या दिवशी वर्गात खरी साक्ष कदाचित त्यानेच दिलेली असेल.