ईयोबाचे मित्र आणि आम्ही

नाताळचा दिवस आम्ही आनंदात घालवितो; परंतु कोल्हापूरच्या इतिहासात तो दुःखाचाही दिवस आहे. करवीरचे छत्रपती चौथे शिवाजी महाराज यांस वेडे ठरवून अहमदनगरच्या किल्ल्यात ठेविले होते. तेथे २५ डिसेंबर १८८३ रोजी पहाऱ्यावरील गोऱ्या शिपायाशी झटापट होऊन त्यांचा अंत झाला. वय अवघे २० वर्षांचे. ते खरोखर वेडे होते की नाही, हा वाद तेव्हाच माजला होता. त्याचा निवाडा करणे आमचे काम नव्हे. परंतु वेडा हा शब्द एकदा माणसास चिकटला की त्याचे म्हणणे कोण ऐकतो?

आमच्या खेड्यांतही असे तरुण आहेत. जवळ कोणी नसता त्यांस आवाज ऐकू येतात. शेजारी आपल्या जिवावर उठले आहेत असे वाटते. या आजारास स्किझोफ्रेनिया म्हणतात. जगात सुमारे ३०० माणसांत एकास तो असतो. ही भूतबाधा नव्हे, पापाचे फळ नव्हे, आईबापांचा दोषही नव्हे.

ईयोबाचे मित्र सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट्याने बसले. तेथवर ते खरे मित्र होते. मग ते त्याचे पाप शोधू लागले, आणि चुकले. आम्हीही चुकलो आहो. अशा घरी जाऊन आम्ही लांब प्रार्थना केली, विश्वास वाढवा म्हणून सांगितले, आणि त्या मुलाशी एक शब्दही न बोलता उठलो.

तर बोलावे कसे? त्यास नावाने हाक मारावी. एका वेळी एकानेच, सावकाश व थोडके बोलावे. उत्तरास वेळ द्यावा. “असे काही नाहीच,” म्हणून वाद घालू नये. “मलाही ऐकू येते,” असे खोटेही बोलू नये. “मला ते ऐकू येत नाही, पण तू घाबरला आहेस हे दिसते, मी तुझ्याजवळ बसतो,” एवढे पुरे. त्याच्यासमोर कुजबुजू नये, हसू नये. जेवलास का, झोप लागली का, हे विचारावे. प्रार्थना केली म्हणून डॉक्टरांचे औषध थांबवू नये. तो जीव देण्याची भाषा करील तर त्यास एकटे सोडू नये. सरकारच्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य सल्ला मिळतो.

बंधूंनो, येत्या रविवारी उपासनेस येण्यापूर्वी त्या घराचे दार ठोठवा. आईस नमस्कार करा. मग मुलाकडे वळा, आणि प्रथम त्याचे ऐका.