येणं आणि देणं



आज गाथा उघडली आणि इंद्रायणी आठवली. तुकोबांचं घर देहूतलं महाजनांचं, सावकारीचं. भावाच्या वाट्याची कर्जखतं त्याला देऊन आपल्या वाट्याची त्यांनी नदीत सोडली, असं सांगतात.

माझा चुलतभाऊ लातूरला गंजगोलाईत दुकान चालवतो. क्रेडिट कार्ड घे म्हणून मीच नांदेडहून फोनवर त्याच्या मागे लागलो होतो. माल भरायला ४५ दिवसांपर्यंत बिनव्याजी पैसे मिळतात, हे खरंच. पण दिवाळीनंतर तो नुसता ‘मिनिमम ड्यू’ भरत राहिला. उरलेल्या रकमेवर महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२! वर नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही गेली.

परवा हसत म्हणाला, "दादा, तुकोबांनी खतं बुडवली, मीपण कार्डाचे पैसे बुडवू का?"

मी म्हणालो, "अरे, त्यांनी येणं बुडवलं, देणं नाही."

आणि माझं देणं? मी त्याला पॉइंट्स सांगितले, व्याज सांगितलं नाही. अर्धं सत्य हेही कर्जच.

आता ठरलंय: तारखेआधी ज्याचे पैसे गल्ल्यात येतील, तेवढाच माल कार्डावर. जुनी थकबाकी निम्मी मी भरतोय. ते येणं मात्र कुठल्याच वहीत लिहिणार नाही.