झिजल्यावाचून घसारा

वस्तू दुरुस्त करून वापरणारा माणूस सज्जनच असतो, अशी आपली एक समजूत आहे. छत्रीची काडी बदलणारा, स्टोव्हला नवा वॉशर घालणारा गृहस्थ मुळात पापभीरू, हे आपण धरूनच चालतो. पण एखाद्या खिसेकापूने एकच ब्लेड दोन्ही बाजूंनी वापरले, तर त्यालाही काटकसरीची शाबासकी द्यायची काय?

बिटकॉइनवाले काही खिसेकापू नव्हेत. पण ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेतल्या ब्लॉक कंपनीने बिटकॉइन 'खणणारे' प्रोटो रिग नावाचे यंत्र आणले आणि हा प्रश्न पुन्हा उभा राहिला.

खणणे म्हणजे कुदळ-फावडे नव्हे. बिटकॉइन ही एक सामायिक खातेवही. तिला साधारण दहा मिनिटांनी एक पान जोडले जाते. त्यासाठी जगभरची यंत्रे अंदाजपंचे आकडे ठोकत बसतात. ज्याचा आकडा लागला त्याला एप्रिल २०२४ पासून ३.१२५ नाणी, बाकीच्यांची मेहनत केराच्या टोपलीत! आमच्या बँकेत अशी पगाराची पद्धत आणली, तर युनियन त्याच दिवशी संप करील.

या यंत्रातल्या चिपला एवढे एकच गणित येते. ती बिघडत नाही, मागे पडते. नवी चिप त्याच विजेत जास्त आकडे ठोकते, आणि जुनीची कमाई लाइटबिलालाही पुरत नाही. घसाऱ्याची दोन कारणे आम्हा कॉमर्सवाल्यांना पाठ असतात : झीज आणि कालबाह्यता. इथे झिजलेले काहीच नसते. शेजाऱ्याने नवे घेतले, म्हणून आपले जुने झाले! मग तीन-पाच वर्षांत अख्खे धूड भंगारात.

नव्या यंत्रात सांगाडा तोच राहतो; चिपांची फळी तेवढी हाताने काढायची, नवी बसवायची. स्क्रू-ड्रायव्हरही लागत नाही. सांगाडा दहा वर्षे चालावा, असा बेत आहे. वा! आमच्या आजीने या कंपनीला आशीर्वाद दिला असता.

पण एक गोम आहे. दर २,०१६ पानांनी, म्हणजे सुमारे पंधरवड्याने, ही वही कोडे नव्याने जोखते. आकडे ठोकण्याचा वेग वाढला असेल, तर कोडे अवघड होते. एस.टी.च्या रांगेत सगळेच एक पाऊल पुढे सरकले, तरी आपला नंबर तोच, तसे हे. भंगार वाचते, लाइटबिल वाचेलच असे नाही.

समर्थक म्हणतात, ही वीज म्हणजे वहीत कुणी खाडाखोड करू नये म्हणून ठेवलेल्या पहारेकऱ्याचा पगार. असेलही. पण पहारेकऱ्याचे बूट नवे तळ लावून दहा वर्षे चालवले, म्हणून त्याचा पगार वाजवी ठरत नाही. वस्तू कशी टिकवायची, हे मिस्त्री सांगेल. कशासाठी टिकवायची, हे मालकानेच ठरवायचे असते.

तेव्हा वाचलेला पत्रा मी खुशीने जमेला धरतो. विजेचा आकडा तूर्त उचंत खात्यात टाकावा, असा मोह होतो खरा. पण कोणत्याही कारकुनाला विचारा, उचंत खाते कधी ना कधी मिटवावेच लागते.