बदलीच्या यादीतला दुसरा माणूस

सरकारी नोकरीत न्याय कोणाच्या हातात असतो, असे विचारले की आपण लगेच साहेबांच्या टेबलाकडे बोट दाखवतो. बदली, बढती, रजा, चौकशी या सगळ्यांच्या किल्ल्या तिथेच असतात, अशी आपली समजूत असते. ती अगदीच खोटी नाही. पण जिल्हा परिषदेच्या शिक्षकांच्या बदल्यांचा अलीकडचा अनुभव पाहिला, तर न्यायाचा निम्मा वाटा अर्ज करणाऱ्याच्याही हातात असतो, हे मान्य करावे लागते.

एक काळ असा होता की बदल्यांचा मोसम आला म्हणजे शिफारशींची धावपळ सुरू व्हायची. ज्याला वशिला, तो गावाजवळ. ज्याला कोणी नाही, तो वर्षानुवर्षे बालाघाटाच्या रांगेतल्या एखाद्या आडवळणाच्या शाळेत. यावर उपाय म्हणून ग्रामविकास विभागाने 27 फेब्रुवारी 2017 रोजी शासन निर्णय काढला आणि 2018 मध्ये जिल्ह्यांतर्गत बदल्या संगणकाने झाल्या. पसंतीच्या शाळा भरून द्यायच्या आणि क्रम संवर्गाने ठरायचा. पहिल्या संवर्गात दिव्यांग, गंभीर आजारी, विधवा इत्यादी. दुसऱ्यात तीस किलोमीटरपेक्षा जास्त अंतरावर नोकरी करणारे पती-पत्नी. तिसऱ्यात अवघड क्षेत्रात सेवा केलेले. त्यानंतर बाकीचे. वरच्या संवर्गातल्या शिक्षकाने शाळा मागितली, तर तिथल्या बदलीपात्र शिक्षकाला उठावे लागे. शिक्षकांनी याला नावही दिले, ‘खो’.

हा बदल चांगलाच होता. दुर्बलाला आधी जागा, हे तत्त्व इन्साफाचेच आहे. ओळख नसलेल्या माणसालाही यादीत स्थान मिळाले. पण वशिल्याचा दरवाजा बंद झाल्यावर मोह संपला का? नाही. तो साहेबांच्या टेबलावरून उठला आणि अर्जदाराच्या फाईलमध्ये येऊन बसला. अंतराच्या खोट्या दाखल्यांच्या आणि संशयास्पद वैद्यकीय प्रमाणपत्रांच्या तक्रारी अनेक जिल्ह्यांतून आल्या. आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यात पहिल्या संवर्गाचा लाभ घेतलेल्या शिक्षकांची फेरतपासणी झाली आणि तफावत आढळलेल्यांवर निलंबनाची कारवाईही झाली. याचा सर्वांत मोठा फटका खऱ्या दिव्यांग शिक्षकाला बसतो. आता त्याच्या कुबडीकडेही लोक संशयाने पाहतात.

असा दाखला जोडणारा स्वतःची समजूत कशी घालतो? “सरकारचे काय नुकसान? पगार तोच, शिकवणेही तेच.” पण नुकसान सरकारचे होत नाही, माणसाचे होते. खो-खोच्या मैदानात खो देणाऱ्याला समोरच्या गड्याची पाठ तरी दिसते. इथे कोण उठला, त्याच्या घरी म्हातारी आई होती की तान्हे मूल, हे कळतही नाही. उर्दू माध्यमात तर शाळा मोजक्याच. मराठी शाळा गावोगावी आहेत. उर्दू शाळेवरून उठलेल्याला दुसरी उर्दू शाळाच हवी, आणि ती कधी कधी जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला निघते.

आपल्या धर्मशिक्षणात हुकूकुल्लाह आणि हुकूकुल इबाद असा भेद सांगितला जातो. नमाज-रोजात उणीव राहिली तर बंदा अल्लाहकडे तौबा करू शकतो. पण बंद्याचा हक्क मारला असेल, तर त्या बंद्याचा हक्क परत करावा लागतो, त्याची माफी मागावी लागते. आपण लाच आणि व्याज यांवर पुष्कळ बोलतो. खोट्या दाखल्यावर मिळालेली शाळा मात्र या हिशेबात धरत नाही.

हदीसमध्ये एका अंमलदाराची हकीकत येते. जकात गोळा करून तो परतला आणि म्हणाला, एवढे तुमचे आणि एवढे मला मिळालेल्या भेटी. तेव्हा हजरत पैगंबर (स.) यांनी भर सभेत विचारले की, हा आपल्या आई-बापाच्या घरी बसून राहिला असता, तर या भेटी त्याच्याकडे आल्या असत्या काय? हा प्रश्न लाचखोर अधिकाऱ्याला लागू पडतो, तसा अर्जदारालाही. हा कागद नसता तर ही शाळा मला मिळाली असती काय? आणि कागद खरा नसेल, तर ती शाळा कोणाची?

अधिकाऱ्यांनाही यातून सुटका नाही. “संगणकाने केले, आम्ही काय करणार?” हे उत्तर पूर्वीच्या “वरून आदेश आहे” याचेच नवे रूप आहे. संगणक क्रम लावतो, पण दाखला खरा की खोटा हे तो पाहत नाही. गर्भवती शिक्षिकेला डोंगरापलीकडच्या गावी रुजू होणे किती कठीण, हेही त्याला ठाऊक नसते. नियम सर्वांना सारखा लावणे हे अधिकाऱ्याचे पहिले कर्तव्य. बदली करण्याआधी कागदांची तपासणी करणे आणि तक्रार घेऊन आलेल्याला खुर्ची देऊन ऐकून घेणे हे दुसरे. पहिले केले म्हणून दुसरे माफ होत नाही. पद ही अमानत आहे, ती यंत्राच्या हवाली करून मोकळे होता येत नाही.

आपण शिक्षक वर्गात मुलांना ‘खरे बोलावे’ हे शिकवतो. मुले धडा विसरतील, पण गुरुजी या शाळेत कसे आले आणि आधीचे गुरुजी का गेले, हे गावात सर्वांना ठाऊक असते. पुढच्या वेळी अर्ज भरताना आपल्या नावाबरोबरच, आपल्यामुळे उठणाऱ्या त्या दुसऱ्या माणसाचाही विचार करावा. अर्ज खरा असेल, तर त्याच्यासमोर उभे राहून आपले कारण सांगण्यात संकोच वाटणार नाही.