साळिंदर, शेतकरी आणि अहिंसाधर्म

अहिंसेचा उपदेश श्रवण करीत असता श्रोत्याच्या डोळ्यांपुढे बहुधा गाय, हरिण, ससा, पारवा असे जीव उभे राहतात. ते निरुपद्रवी असतात, दिसण्यात सौम्य असतात, आणि त्यांच्याविषयी दया उत्पन्न होण्यास मनाला फारसे प्रयास पडत नाहीत. परंतु धर्माची परीक्षा सुकर प्रसंगी होत नसते. भुईमुगाच्या शेंगा भरत आल्या आहेत, रात्र बरीच झाली आहे, आणि वासनिक कास्तकार बॅटरी घेऊन बांधावर जातो तो ओळीच्या ओळी उकरलेल्या दिसतात. पुढे चार पावलांवर काटे फुलवून उभे असलेले साळिंदर आढळते. हातात काठी आहे. सोबतच्या शेजाऱ्याजवळ बंदूकही असेल. ‘साळिंदर दिसले की मारावे’ हा गावाचा जुना दंडक आहे. अशा वेळी उपदेश घेतलेल्या पुरुषाने काय करावे, हा प्रश्न लहान दिसला तरी लहान नाही. अहिंसा हा आवडत्या जीवांपुरता भाव आहे की सर्व जीवांविषयीचा आचार आहे, याचा निर्णय त्यात गुंतलेला आहे.

प्रथम हा जीव कसा आहे ते पाहावे. साळिंदर, ज्याला कित्येक भागांत सायाळ अथवा साळू म्हणतात, तो कुरतडणाऱ्या वर्गातला, निशाचर व शाकाहारी प्राणी आहे. दिवसा तो बिळात अथवा कपारीत राहतो आणि रात्री कंद, मुळे, साली, फळे शोधीत हिंडतो. रताळी, बटाटे, भुईमूग, मका यांची तो नासाडी करतो. कोकणात सुरणाला व नारळ-पोफळीच्या रोपांना त्याचा उपद्रव होतो. त्याचे काटे म्हणजे रूपांतर पावलेले केस होत. तो ते बाणासारखे फेकून मारतो ही समजूत खोटी आहे. संकट आले म्हणजे तो शेपटीचे काटे खुळखुळवून इशारा देतो, आणि इशारा मानला नाही तर पाठमोरा होऊन मागे सरतो. एका वेळी त्याला बहुधा एक-दोनच पिले होतात, व मातापिता आणि पिले एकाच बिळात राहतात. म्हणून उंदरांप्रमाणे त्याची संख्या झपाट्याने भरून येत नाही, आणि एक साळिंदर मारले म्हणजे एकच जीव गेला असेही निश्चयाने म्हणता येत नाही.

आता मारावे म्हणणाऱ्यांचा पक्ष न्यायाने मांडला पाहिजे. ते म्हणतात : हा प्राणी चोर आहे, जो वर्षाचे अन्न एका रात्रीत उकरतो त्याला दया दाखविणे म्हणजे आपल्या लेकरांवर निर्दय होणे होय. दुसरे, तो सशस्त्र आहे; कुत्री त्याच्या काट्यांनी घायाळ होतात. तिसरे, प्राचीन स्मृतिकारांनीच त्याला भक्ष्य मानले आहे, मग पाप कोठले? चौथे, आज हुसकला तर उद्या परत येईल; म्हणून दृष्टीस पडेल तेव्हाच निकाल लावावा. यांपैकी पहिला आक्षेप सर्वांत बळकट आहे, आणि तो उपहासाने उडवून लावण्याचा अधिकार कोणालाही नाही.

या ठिकाणी सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींच्या सशाच्या लीळेचे स्मरण होणे साहजिक आहे. पारध्यांनी व कुत्र्यांनी पाठलाग केलेला ससा स्वामींच्या जानूखाली येऊन दडला. पारध्यांनी तो मागितला. त्या सशावर त्यांची पैज लागलेली होती. स्वामींनी तो शरण आलेला जीव दिला नाही. रानातले गवत खाऊन व ओहळाचे पाणी पिऊन राहणाऱ्या या जीवांनी तुमचे काय बिघडविले, असा विचार त्यांनी पारध्यांपुढे ठेवला, आणि शेवटी पारध्यांचेच मन पालटले.

पण जिज्ञासू येथेच शंका घेईल. ससा रानातले गवत खात होता, साळिंदर तर शेत खाते. ससा शरण आला होता, साळिंदर शरण येत नाही. ते पाठ फिरवून काटे उभारते. तेव्हा लीळेतील दोन्ही हेतू, निरपराधत्व आणि शरणागती, येथे लागू पडत नाहीत. मग त्या लीळेचा आधार साळिंदराला कसा मिळावा?

ही शंका खरी आहे, आणि तिचे समाधान शब्दांच्या ओढाताणीने होणार नाही. प्रथम अपराधाचा विचार करू. अपराधाला ज्ञान लागते. हे माझे, हे परक्याचे, ही मर्यादा ओलांडू नये, असे ज्याला कळते तो ती ओलांडील तर चोर ठरतो. बांध मनुष्याने घातला, सातबारा मनुष्याने लिहिला. साळिंदराला त्यातले काहीच अवगत नाही. त्याला जमिनीखालच्या कंदाचा वास कळतो, आणि तो कंद रानातला की शेतातला हा भेद त्याच्या बुद्धीत नाही. तेव्हा त्याच्याकडून हानी होते हे सत्य, परंतु त्याच्याकडून चोरी होते हे सत्य नव्हे. हानीचे निवारण करावे लागते; दंड मात्र अपराध्यालाच देता येतो. जो अपराधीच नाही त्याला मारणे हा दंड ठरत नाही, तो केवळ वध ठरतो. पाटाचे पाणी फुटून पीक वाहून गेले तर शेतकरी पाण्यावर सूड घेत नाही, तो दारे बांधतो. तद्वत् येथेही निवारणाची बुद्धी चालावी, सूडाची नको.

दुसरा विचार ‘दिसताच’ या शब्दाचा. दिसणे हे कशाचेही प्रमाण नव्हे. पायवाट ओलांडून रानात जाणारे साळिंदर आणि शेंगा उकरणारे साळिंदर यांत ‘दिसताच मारावे’ हा दंडक भेद करीत नाही. तो कृत्य पाहत नाही, जात पाहतो. ज्या पंथाने जातीवरून माणसाची योग्यता ठरविण्याचे नाकारले, त्या पंथाच्या अनुयायाला हा न्याय प्राण्यापुरता तरी सहज पटावा काय?

शरणागतीविषयी असे म्हणता येईल की, शरण येण्याची रीत प्रत्येक जीवाची एकच नसते. सशाला पळता येते, म्हणून तो पळत येऊन दडला. साळिंदराला तेवढे पळता येत नाही. भय वाटले म्हणजे काटे उभारणे एवढेच त्याला साधते. ते काटे क्रोधाचे नसून भीतीचे आहेत. मुक्तेश्वरच्या ज्या नरभक्षक वाघिणीची हकीकत जिम कॉर्बेट यांनी लिहिली आहे, तिचा एक डोळा साळिंदराशी झालेल्या झटापटीत गेला होता आणि सुमारे पन्नास काटे तिच्या अंगात रुतले होते. पण शिकारीला गेली होती वाघीण. साळिंदर आपला जीव राखीत होते. शेतातल्या कुत्र्याचीही तीच गोष्ट. सशस्त्र असणे आणि आक्रमक असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

तिसरा आक्षेप शास्त्राचा. मनुस्मृतीत व रामायणातील वालीच्या भाषणात भक्ष्य मानलेल्या पंचनख प्राण्यांमध्ये ससा आणि साळिंदर दोघेही आहेत. परंतु मीमांसकांनी हे वचन परिसंख्येचे उदाहरण म्हणून घेतले आहे. त्याचे तात्पर्य इतर पंचनखांच्या निषेधात आहे, हे पाच खावेत अशा आज्ञेत नाही. मोकळीक आणि आज्ञा यांत अंतर असते. शिवाय ज्या यादीत ससा होता, त्याच यादीच्या डोळ्यांदेखत स्वामींनी ससा राखला. तेव्हा यादीचा आधार परमार्गाच्या अनुयायाला घेता येत नाही.

राजनियमही आज याच बाजूचा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने साळिंदराला संरक्षण दिले आहे. जीव वाचविण्यासाठी सद्बुद्धीने केलेल्या प्रतिकाराचा अपवाद त्यात आहे. पण पीक खाल्ले म्हणून ज्याने त्याने आपणच निवाडा करून मारावे, अशी मुभा त्यात नाही.

चौथा आक्षेप उपयुक्ततेचा आहे. अमेरिकेत साळिंदराची निराळी, झाडावर चढणारी जात आहे. ती साली कुरतडून झाडे मारते म्हणून विसाव्या शतकात तेथील काही राज्यांनी तिला मारणाऱ्यास बक्षिसे लावली होती. पुढे व्हर्माँट राज्याने १९५९ पासून फिशर नावाचा, साळिंदरावर जगणारा प्राणी जंगलात पुन्हा आणून सोडला. कातड्यासाठी झालेल्या शिकारीने व जंगलतोडीने तो तेथून नाहीसा झाला होता. उपद्रवाचे मूळ मनुष्यानेच मोडलेल्या व्यवस्थेत होते, असा याचा बोध आहे. आपल्याकडे बिबट्या साळिंदराची शिकार करतो. रान आणि बिबट्या नाहीसे करून साळिंदराला दोष देणे उचित नाही. आणखी असे की, आपल्याकडील साळिंदराची हीच जात इस्रायलच्या नेगेव वाळवंटातही आहे. तेथे तिने उकरलेल्या खळग्यांत पावसाचे पाणी, पालापाचोळा व बी साठून वनस्पती अधिक उगवतात, असे अभ्यासकांना आढळले आहे. जे उकरणे शेतात हानी करते, तेच रानात उपकार करते.

एवढे सिद्ध झाले तरी शेतकऱ्याचे दुःख शिल्लक राहते, आणि या प्रश्नातील खरी अडचण ती आहे. अहिंसेचा सिद्धांत सांगणारा सांगून मोकळा होतो. त्याचे मोल मात्र ज्याचे शेत उकरले गेले तोच भरतो. भिक्षूने येथे विशेष विचार करावा. भिक्षू नांगर धरीत नाही, पेरीत नाही, राखण करीत नाही. पण त्याच्या झोळीत पडणारी भाकरी कोणाच्या तरी शेतातून येते, आणि त्या शेतात कोणीतरी रात्र जागलेला असतो. जो ते अन्न सेवन करतो त्याने कास्तकाराला केवळ ‘मारू नकोस’ एवढेच सांगितले, तर आपल्या वाट्याची अहिंसा त्याने दुसऱ्याच्या कष्टावर पाळली असे होईल. म्हणून उपदेशाबरोबर साहाय्यही गेले पाहिजे. ज्या गावात वासनिक मंडळी आहेत तेथे कुंपणाचा खर्च एकट्यावर न पडता वाटून घ्यावा, राखणीच्या पाळ्या लावाव्यात, आणि ज्याचे पीक गेले त्याच्या घरी धान्य पोहोचवावे. मठाच्या जमिनी आहेत तेथे तर हा आचार आधी मठाने दाखवावा.

उपायही अगदीच नाहीत असे नाही. साळिंदर उडी मारून येत नाही, उकरून येते. म्हणून जाळीचे अथवा पत्र्याचे कुंपण उंच असण्यापेक्षा त्याचे बूड जमिनीत खोल गाडलेले असणे महत्त्वाचे. रोपांच्या बुंध्यांना पत्रा गुंडाळावा. बांधावरची दाट झुडपे शेतालगत वाढू देऊ नयेत. कंद काढणीला आले म्हणजे ते राखणीशिवाय ठेवू नयेत. उजेड आणि आवाज यांनी ते हुसकले जाते. ते परत येईल हे खरे, परंतु तणही परत येते म्हणून कोणी शेती टाकीत नाही. राखण हे शेतीचे एक अंगच आहे.

हे सर्व करूनही प्रतिकाराच्या ओघात एखादे साळिंदर मेले, तर त्याला दोष म्हणावे, पराक्रम म्हणू नये. चावडीवर त्याचे काटे मिरवू नयेत. नांगराच्या फाळाखाली कित्येक जीव जातात हे कास्तकाराला ठाऊक असते. प्रपंचात हिंसा सर्वस्वी टळत नाही. म्हणूनच टाळता येणारी हिंसा टाळण्याचे उत्तरदायित्व वाढते, कमी होत नाही. न टळणाऱ्या हिंसेचे निमित्त करून टळणारी हिंसा करणे हा विवेकाचा घात आहे.

शिकाऱ्याविषयीही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. त्या लीळेत स्वामींनी पारध्यांना शाप दिला नाही की हाकलून लावले नाही. त्यांच्याशी बोलणे केले. सशाचा जीव जितका राखला, तितकेच पारध्यांचे मनही राखले. बांधावर काठी उगारून उभ्या असलेल्या माणसाशीही याच रीतीने बोलले पाहिजे. त्याची उकरलेली ओळ आधी पाहावी, त्याच्याबरोबर एक रात्र राखणीला बसावे, आणि मग त्याला सांगावे की समोर काटे फुलवून उभा असलेला तो जीव भ्यालेला आहे.