दार कोणी लावायचं?

मी कर्नलचं काम करतो म्हटलं की आमचे सासरे अजूनही ताठ बसतात. त्यांना वाटतं, जावई लष्करात आहे. हे कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा, आणि मी ज्या बसचा ड्रायव्हर लिहितो तिला चाकंच नाहीत, हे सांगायचा धीर मला आजवर झालेला नाही.

ही बस आय-टू-सी नावाची. फिलिप्सने १९८२ साली बांधलेली दोन तारांची चाळ म्हणा ना! पत्ते १२८, त्यांतले १६ राखीव. पण फायबरच्या केबलची ती एसएफपी मॉड्यूलं घ्या, सगळ्यांच्या मेमरीचा पत्ता एकच! चाळीत 'बंडू' अशी हाक मारली की आठ बंडू 'ओ' देणार. म्हणून मध्ये मल्टिप्लेक्सर बसवतात. माझ्याला आठ दारं होती. दरेक दारामागे एक बंडू. ड्रायव्हरने दरेक दाराची स्वतंत्र बस म्हणून कर्नलच्या दप्तरी नोंद करायची आणि सोबत दोन कामं लिहून द्यायची : सिलेक्ट, म्हणजे दार उघडणं, आणि डिसिलेक्ट, म्हणजे लावणं. पहिलं सक्तीचं, दुसरं ऐच्छिक. मी अर्थातच दुसरं कोरं सोडलं. नवं दार उघडताना जुनं आपोआप बंद होतं, मग उगाच दर वेळी जास्तीचा हेलपाटा कशाला?

वर्षभर सुखात गेलं. मग त्याच तारांवर दुसरा मल्टिप्लेक्सर शेजारी आला. त्याचंही एक दार उघडं, माझंही. हाक एकाला, उत्तर दोघांचं! आणि या तारेवर दोघे एकदम बोलले की शून्य एकाला गिळतं. हाती आलं ते ना याचं, ना त्याचं. तक्रार मात्र कुणाचीच नाही. आठ दिवस मी शेजाऱ्याला शिव्या घालत होतो.

नियमाने मी निर्दोष होतो. सौ.ला म्हटलं, "शेजारी नव्हताच, तेव्हा दार उघडं टाकलं, यात पाप कसलं?"

ती म्हणाली, "आणि तो राहायला आल्याचं तुमच्या दाराला कोण सांगणार होतं?"

मी गप्प. नियम आज असलेल्या शेजाऱ्यापुरते असतात. रीतभात ही अजून न आलेल्या शेजाऱ्यासाठी असते, आणि तिचा हेलपाटा आपल्यालाच पडतो. मी डिसिलेक्ट लिहून टाकलं.

हे सगळं कागदावर उतरवून समाधानाने मान वर केली, तोच आतून आवाज आला, "फ्रीजचं दार!"